चढतं पाणी, उतरतं पाणी : गोदाघाटाच्या एका देखाव्याचा प्रकरण अभ्यास

नाशिकच्या भांडी बाजारात माझ्या मामांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. वय झालं तसं त्यांनी ते बंद केलं आणि मुलाकडे इंदिरानगरला राहायला गेले. घाट लांब पडला, पण सवय गेली नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय?" गंगापूर धरणातून किती विसर्ग सुरू आहे, होळकर पुलाखालून किती क्युसेक पाणी चाललंय, हे आकडे पेपरात येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, एवढं गणितही सगळ्यांना येतं. तरी घाटावरच्या माणसाला पूर कळतो तो नदीपात्रात उभ्या असलेल्या या दोन तोंडांच्या मारुतीच्या अंगावरच : गुडघे, कंबर, छाती, मग डोक्यावरून.

गेल्या वर्षी गणपतीला पाच आठवडे असताना मामांनी मला बोलावून घेतलं. "अगं, यंदा देखावा तू कर. मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय आणि आम्ही दुकानातला माल माळ्यावर चढवतोय, ती सकाळ मला पाहिजे."

मी वास्तुरचनाकारांसाठी इमारतींच्या प्रतिकृती करते. आमच्या प्रतिकृतींवर कधी पाऊस पडत नाही. भिंती कोऱ्या, झाडं हिरवी, रस्ते स्वच्छ, ऊन कायम दुपारी चारचं. ओल, गाळ, ढग, पूर यांतलं काहीही मी त्याआधी केलेलं नव्हतं. या कामात मी दोनदा मोठी चूक केली. दोन्ही वेळा झालेलं काम तोडावं लागलं आणि दोन्ही वेळा चूक हाताची नसून समजुतीची होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

आधी माप, मग पाऊस

तळाला १२ मिलिमीटरचा प्लायवूड घेतला, ९० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद. प्रमाण १:५०, कारण माझी हत्यारं आणि नजर त्याच मापाला सरावलेली आहे. साडेपाच फुटी माणूस यात ३.३ सेंटिमीटरचा होतो आणि २० सेंटिमीटर उंचीची पायरी ४ मिलिमीटरची. ९० सेंटिमीटरमध्ये खरा घाट फक्त ४५ मीटर मावतो, त्यामुळे दुकानांची ओळ आणि मारुती यांच्यातलं अंतर मी आवळून घेतलं. पाहणाऱ्याला ते खटकत नाही. पायरीची उंची चुकली तर मात्र लगेच खटकतं, कारण पायऱ्या चढण्याची सवय पायांना असते.

थर्मोकोल वापरायचा नव्हता. २०१८च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्मोकोलही आला, आणि तसंही सॉल्व्हंट असलेल्या स्प्रेचा एक फवारा बसला की तो विरघळून खड्डे पडतात. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचे थर, त्यावर कागदाचा लगदा आणि फेविकॉल, पायऱ्यांना माउंटबोर्ड, असा सांगाडा उभा केला. पायऱ्यांवर पुट्टीचा पातळ हात दिला आणि ती ओली असतानाच घाटाजवळून आणलेला काळ्या पाषाणाचा तुकडा जागोजागी दाबला. दगडाचा पोत दगडानेच उमटवावा. ब्रशने तो तसा येत नाही.

मग पाऊस. देखाव्यात पाऊस म्हटलं की बहुतेक जण मासेमारीची पारदर्शक दोरी वरून खाली ताणतात. मीही रीळ आणून ठेवलं होतं. लावण्याआधी हिशेब केला. बारीक दोरी ०.२ मिलिमीटरची. पन्नासने गुणलं की एक सेंटिमीटर, म्हणजे आकाशातून करंगळीएवढे जाड दांडे लोंबताहेत. खरा थेंब २ मिलिमीटरचा धरला तर १:५० मध्ये तो ०.०४ मिलिमीटरचा होतो, केसाहून बारीक. शिवाय एवढा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो. फोटोत १/५० सेकंदात त्याची रेघ उमटते १३ सेंटिमीटरची, आपल्या मापात अडीच मिलिमीटरची. ढगापासून जमिनीपर्यंत गेलेली अखंड रेघ खऱ्या पावसात कुठेच नसते.

मी मामांना विचारलं, "त्या सकाळी पाऊस कसा होता?"

"होता कुठे? भुरभुरत होतं. मध्येच थांबायचं. पाऊस सगळा तिकडे, वर."

हे मला आधीच सुचायला हवं होतं. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस होतो, तर इगतपुरीकडे ३००० च्याही वर. गंगापूरचं पाणलोट त्र्यंबकच्या बाजूचं. गोदावरीला पूर येतो तो वरच्या पावसाने आणि धरणातून सोडलेल्या पाण्याने. घाटावर त्या वेळी नुसती भुरभुर असू शकते. रीळ कपाटात गेलं. पाऊस न दाखवता पावसाळा दाखवायचा, हे त्या दिवशी ठरलं.

भुरभुर दाखवली ती छत्र्यांनी. घाटावर आणि दुकानांसमोर मिळून सव्वीस माणसं आहेत. त्यांतल्या नऊ जणांच्या छत्र्या उघड्या, सात जणांच्या मिटलेल्या, दोघांची अर्धवट. बाकीच्यांकडे छत्रीच नाही, त्यांनी डोक्यावर रुमाल किंवा प्लास्टिकची पिशवी घेतली आहे. सगळ्या छत्र्या उघड्या असत्या तर मुसळधार वाटलं असतं, सगळ्या मिटलेल्या असत्या तर पाऊस सरला असं वाटलं असतं. पाहुण्यांपैकी कोणीही छत्र्या मोजल्या नाहीत, पण "भुरभुर चाललीय वाटतं" हे तिघांनी आपणहून म्हटलं.

पहिली मोडतोड : स्वच्छ पाण्याचा मोह

नदीसाठी मी इपॉक्सी रेझिन आणलं. तलाव, झरे, समुद्र असे जितके देखावे पाहिले होते, त्या सगळ्यांत पाणी रेझिनचंच होतं. मारुतीभोवतीच्या भागात दोन सेंटिमीटर जाडीचं एकदम ओतलं. श्रावणातली हवा, खिडक्या उघड्या. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता सुटते, आणि थर जाड असला की ती आतच कोंडते. तासाभरात डबा हाताला चटका देऊ लागला. खालचा लगदा मी वार्निशने नीट बंद केला नव्हता, त्यामुळे त्यातली हवा बुडबुडे होऊन वर आली आणि तिथेच अडकली. दमट हवेने वरचा थर दुधाळ झाला, बोट लावलं तर तेलकट लागायचा. पातळ थर, एकावर एक, कोरड्या दिवशी, खालचा भाग आधी सील करून, ही पद्धत मी नंतर करून पाहिली. ती ठीक चालते.

पण खरी चूक रेझिनच्या हाताळणीत नव्हती. ते उत्तम जमलं असतं तरी काढावंच लागलं असतं. रविवारी सकाळी मी गाडगे महाराज पुलावर जाऊन उभी राहिले. त्या आठवड्यात थोडा विसर्ग सुरू होता. खाली पाहिलं तर पाण्याला खोलीच नव्हती. आतलं काही दिसत नव्हतं, वीतभर खालचंही नाही. दूध जास्त घातलेल्या चहासारखं अपारदर्शक, मातकट पाणी, आणि त्यावर आकाशाचा करडा तुकडा सरकतोय. पारदर्शक पदार्थाची किंमत तो आतलं दाखवतो म्हणून असते. इथे आत दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. पुराचं पाणी म्हणजे निव्वळ पृष्ठभाग.

रेझिन करवतीने कापून काढलं. त्या जागी भिंतीची पुट्टी भरली आणि चमच्याच्या पाठीने प्रवाह घडवला. इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला, सहा संध्याकाळी, आणि अजूनही वाटतं की देखाव्याचा जीव तिथेच आहे. वाहतं पाणी अडथळ्यापाशी काय करतं ते पाहायला पुलाच्या खांबासारखी शाळा नाही. वरच्या अंगाला पाणी खांबावर चढतं, उशीसारखं फुगतं. दोन्ही बाजूंनी ताणल्यासारखं, गुळगुळीत होऊन निसटतं. खालच्या अंगाला खळगा पडतो, त्यात पाणी उलटं फिरतं, आणि त्याच्याही पुढे दोन्हीकडून भोवरे सुटत जातात. मारुतीच्या कमरेभोवती हेच घडवलं. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, ते वळणही घेतलं : बाहेरच्या काठाला पाणी जोरात आणि किंचित उचललेलं, आतल्या काठाला मंद. उशीची उंची पाच मिलिमीटर. आधी आठ केली होती, तेव्हा मारुती बोटीसारखा पुढे निघालाय असं वाटायला लागलं.

रंग : पिवळी माती, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा. लांबच्या पाण्यात करडा वाढवत नेला. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर ते फक्त दोनएक टक्के उजेड परत फेकतं, पण नजर जितकी आडवी होते तितकं आकाश जास्त दिसतं. म्हणून पायाशी पाणी तपकिरी आणि समोरच्या काठाशी रुपेरी दिसतं. फेसाला शुद्ध पांढरा लावला तर तो साबणाचा वाटतो. मातकट पाण्याचा फेसही सायीच्या रंगाचा असतो. शेवटी चकाकी देणाऱ्या अॅक्रिलिक ग्लॉस मीडियमचे तीन हात. फेविकॉलही वाळल्यावर पारदर्शक होतो आणि स्वस्त पडतो, पण दमट हवेत तो पुन्हा मऊ होतो, आणि गणपती पावसाळ्यातच येतात.

दुसरी मोडतोड : मामा आले

पाणी झालं, दुकानं झाली, हंडे-घागरी झाल्या. पितळी मण्यांना घासून काठ काढले होते. सहा मिलिमीटरचा हंडा, आणि तो खालून वर देणारे दोन हात. मला देखावा आवडला होता. शेवटी हवामानाची रंगरंगोटी म्हणून मी पाण्याच्या रेषेच्या वर, पायऱ्यांवर, दीड सेंटिमीटरचा गाळाचा पट्टा ओढला. रेलिंगला पाणवेली आणि झाडपाला अडकवला. दुकानाच्या खालच्या फळीवर चिखलाची आडवी रेघ काढली. हे सगळं मी पुरानंतरच्या फोटोंवरून केलं होतं, आणि ते हुबेहूब उतरलं होतं.

मामा आले. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गाळाच्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पाणी उतरतंय."

"हो, म्हणजे पूर—"

"अगं, उतरत्या पाण्यात कोण माल वर चढवतं? पाणी उतरायला लागलं की आम्ही खराटे घेऊन खाली यायचो. ही पोरं हंडे वर देताहेत, म्हणजे पाणी चढतंय. चढत्या पाण्यात वरची पायरी स्वच्छ असते. तिला अजून माहीतच नसतं."

मी फोटोंतून पूर पाहिला होता, आणि फोटो बहुतेक पूर ओसरल्यावरचे असतात, कारण तेव्हाच माणसाला जवळ जाता येतं. मामांनी १९६९चा पूर लहानपणी पाहिला, २००८चा दुकानदार म्हणून पाहिला. २०१६ आणि २०१९चे पाहिले तेही हातचं काम सोडून, काठावर उभं राहून. त्यांनी सांगितलेली सकाळ या मोठ्या पुरांतली नव्हती. मोठ्या पुरात मारुतीच दिसेनासा होतो आणि पाणी बाजारात शिरतं. ही त्याआधीची, वरचेवर येणारी सकाळ : पाणी अजून बाजारात आलेलं नाही, येईल की नाही तेही ठाऊक नाही, आणि तरी माल हलवायला सुरुवात झाली आहे.

मी त्यांना आणखी विचारत गेले आणि वहीत दोन रकाने पाडले, चढतं आणि उतरतं. चढत्या पाण्याची कड बारीक असते, ओठासारखी, आणि तिच्यापुढे पालापाचोळा, निर्माल्य, बाटल्या तरंगत ढकलल्या जातात. उतरत्या पाण्यात तोच कचरा मागे राहतो, रेलिंगला, खांबांना, प्रवाहाच्या दिशेने केस विंचरल्यासारखा. चढत्या पाण्यात टपऱ्या उचललेल्या असतात आणि त्यांच्या जागी कोरडे चौकोन राहतात. उतरत्या पाण्यात सगळ्यावर एकसारखी गाळाची साय. चढत्या पाण्यात माणसं पाण्याकडे तोंड करून उभी असतात, उतरत्या पाण्यात जमिनीकडे बघत चालतात. हे शेवटचं मामा सहज बोलून गेले. मला ते एखाद्या पुस्तकात सापडलं नसतं.

गाळ खरवडून काढला. दोन पायऱ्या नव्याने केल्या. अकरा माणसांना त्यांच्या जागी नदीकडे वळवलं. रेलिंगवरच्या पाणवेली काढून पाण्याच्या पुढच्या कडेला आणल्या. रवा चाळल्यावर चाळणीत उरते तशी वाळलेल्या शेवाळ्याची चुरी घेतली, तिला हिरवा-तपकिरी हात दिला आणि दोन झेंडूच्या पाकळ्या अगदी बारीक कातरून त्यात घातल्या, निर्माल्य म्हणून.

ओल

गाळ गेल्यावर वरच्या पायऱ्यांना दाखवायला राहिली फक्त भुरभुरीची ओल. ओल दाखवायची म्हणजे सगळ्यावर चकाकी फिरवायची, असं मी समजत होते. तसं केलं की देखावा प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो.

आपल्या व्हरांड्यात एक वीट, एक स्टीलचं ताट आणि एक सुती फडकं ठेवून त्यावर पाणी शिंपडून पाहावं. वीट आणि फडकं एकदम गडद होतात, ताटाचा रंग मुळीच बदलत नाही. सच्छिद्र वस्तूच्या बारीक भोकांत पाणी शिरलं की आत गेलेला उजेड पटकन बाहेर पडत नाही. तो आत जास्त वेळा आपटतो आणि शोषला जातो. म्हणून भिजलेली माती, गिलावा, लाकूड, सूत गडद दिसतं. धातू, ताडपत्री, चकचकीत फरशी यांत पाणी शिरत नाही, ती फक्त चमकतात. म्हणजे ओलीचे दोन वेगळे हात आहेत, आधी काळोखाचा आणि मग चकाकीचा, आणि कोणत्या वस्तूला कोणता द्यायचा हे तिच्या जातीवरून ठरतं.

त्याप्रमाणे केलं. पाषाणाला पेन्स ग्रे (निळसर करडा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) यांचा पातळ वॉश, दोनदा. पायरीच्या आडव्या अंगाला ग्लॉस, उभ्या अंगाला कमी चकाकीचं सॅटिन, कारण उभ्यावर पाणी टिकत नाही. पायरीच्या झिजलेल्या मधल्या भागात ग्लॉसचा एकेक जाड थेंब, साचलेलं पाणी. भिंतींना खालून सहा मिलिमीटरपर्यंत, म्हणजे खऱ्या फूटभर, उडालेल्या चिखलाचे शिंतोडे, जुन्या टूथब्रशच्या केसांवर अंगठा फिरवून. आणि वळचणीखाली कोरडं. प्रत्येक दुकानाच्या पत्र्याखाली, दारालगत, फिकट कोरड्या दगडाची एक पट्टी तशीच सोडली. सगळ्या कामात मला सगळ्यात अवघड गेली ती हीच, कारण इथे काही करायचं नव्हतं, हात आवरायचा होता. पण ओल कळते ती कोरड्याच्या शेजारी. त्या पट्टीवर मी एक कुत्रं बसवलं. घाटावर पाऊस असताना कुत्री तिथेच बसतात.

हंड्यांना काळोख दिला नाही. वरच्या खांद्यावर फक्त ग्लॉसचे टिपके, सुईच्या टोकाने.

उजेड

एवढं करूनही देखावा पहिल्या दिवशी ओला दिसेना. कारण छताला होती पिवळी सिरीज आणि समोर एक स्पॉटलाइट. प्रत्येक माणसाच्या पायाशी कडक काळी सावली. ढगाळ सकाळी अशी सावली पडतच नाही. सगळं आकाशच दिवा असतं. माणसाच्या पायाखाली, टपरीच्या बुडाशी तेवढा एक मऊ अंधार राहतो.

देखाव्यावर पुठ्ठ्याचं झाकण केलं, पुढून उघडं. आत ६५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या एलईडी पट्ट्या, आणि त्यांच्या खाली बारा सेंटिमीटरवर ट्रेसिंग पेपर ताणला. पट्ट्यांचे ठिपके नाहीसे झाले आणि वरून एकसारखा करडा उजेड उतरला. पाण्याच्या ग्लॉसमध्ये आता दिव्याऐवजी तो पांढरा कागद दिसत होता, म्हणजे आकाश दिसत होतं. मागच्या पडद्यावर पंचवटीच्या बाजूची शिखरं, कपालेश्वराचा चढ, हे सगळं मी आधी चांगल्या रंगात रंगवलं होतं. त्यावर पातळ करड्या-निळ्या रंगाचे दोन हात फिरवले, कडा पुसल्या जाईपर्यंत. लांबचं जितकं फिकं होत गेलं तितकी जवळची हवा दमट वाटू लागली. सिरीज मामींनी गणपतीच्या मागे हलवली. त्या म्हणाल्या, बाप्पाला उजेड पिवळाच बरा दिसतो, आणि ते खरंच होतं.

तपासायला मी मोबाइल आडवा करून तीन सेंटिमीटर उंचीवरून, घाटावरच्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेतून, फोटो काढत होते आणि ते काळेपांढरे करून बघत होते. रंग डोळ्यांना फसवतात. काळ्यापांढऱ्यात ओला दगड आणि कोरडी पट्टी यांतला फरक दिसला नाही तर तो पुरेसा नाही. माझा तीनदा कमी पडला.

गणपती बसले. पाचव्या दिवशी मामांचे बाजारातले जुने शेजारी आले होते, दोघेही सत्तरीच्या पुढचे. देखाव्यासमोर तिघे उभे राहिले आणि लगेच बोलणं सुरू झालं, तेही वर्तमानकाळात. "आता सांडव्यावरून नदीपलीकडे जाता येणार नाही." "होळकर पुलावर गर्दी असेल." एकाने विचारलं, "अजून किती वाढेल?"

मामांनी खिशातून पेन्सिल काढली, वाकले, आणि माझ्या स्वच्छ, ओल्या, वार्निश केलेल्या तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यावर एक बारीक आडवी रेघ मारली. "दुपारपर्यंत इथे."

देखावा आता त्यांच्या खोलीत काचेच्या पेटीत आहे. धूळ बसली की ग्लॉस मरतो, म्हणून पेटी. रेघ मी पुसलेली नाही.